दोन हजारांचे तिकीट आणि दोन कान

मोठ्या आवाजाशी आपल्या माणसांची जुनी ओळख आहे. गिरणीतले खाते, रेल्वेचा वर्कशॉप, छापखाना, गोदी, रस्ता फोडणारा ब्रेकर, जिथे जिथे कान बधिर होतात तिथे तिथे आपली माणसे पोटासाठी उभी राहिली आहेत. पण पैसे मोजून, तिकीट काढून, हौसेने तसला आवाज ऐकायला जाणे हा प्रकार आमच्या पिढीला नवा. १९ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या इंग्लंडच्या रॉक बँडचा कार्यक्रम आम्ही शेवटपर्यंत बसून पाहिला. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात तरुण मुले-मुली आहेत. आज ना उद्या तीही अशा कार्यक्रमाला जायचे म्हणतील. काहीजण प्रेक्षक म्हणून नव्हे, तर कामगार म्हणून तिथे जातही असतील. म्हणून तिथे काय असते, तो आवाज येतो कुठून आणि त्याचे कानाला काय होते, हे जरा तपशिलाने लिहीत आहोत.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा आधी हिशेब. या बँडचे कार्यक्रम १८, १९ आणि २१ जानेवारी असे तीन दिवस झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता बुक माय शो कंपनीच्या संकेतस्थळावर सुरू झाली आणि रांगेत एक कोटीहून अधिक लोक उभे राहिले. रांग मोबाईलमधली, त्यामुळे धक्काबुक्की नाही. पण नंबर येईपर्यंत माल संपलेला, हा अनुभव रेशनच्या रांगेसारखाच. तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. मैदानात नुसते उभे राहायचे तर ६,४५० रुपये. ती संपली आणि लगोलग दुसऱ्याच संकेतस्थळांवर कित्येक पट भावाने, लाखाच्या घरातसुद्धा, तिकिटे विक्रीला दिसू लागली. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने या काळ्या बाजाराची चौकशी सुरू केली. आमच्या लहानपणी सिनेमाच्या थिएटरबाहेर ‘दस का बीस’ म्हणणाऱ्या पोरांना हवालदार कॉलर धरून नेत असे. आता त्या धंद्यालाही संगणक आला आणि कॉलर सापडेनाशी झाली.

मग आमच्यासारख्याला तिकीट मिळाले कसे? या बँडची एक रीत चांगली आहे. ठिकठिकाणच्या कार्यक्रमांत काही तिकिटे मुद्दाम स्वस्त ठेवतात. भारतातल्या कार्यक्रमांसाठी ती २२ नोव्हेंबर २०२४ रोजी निघाली, एकाची किंमत २,००० रुपये. ती जोडीनेच घ्यावी लागत आणि जागा कुठली हे कार्यक्रमाच्या दिवशीच कळे. पुढे, मागे, वर, खाली, नशिबात असेल ती. आमची भाची वाशीला एका कार्यालयात नोकरी करते. तिने त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बोट ठेवले ते जोडी मिळाल्यावरच उचलले.

घरात अर्थातच वाद झाला. आमची बहीण म्हणाली, “चार हजारांत महिन्याचा किराणा येतो.” एकटीने रात्री जायचे नाही, हे तिने आधीच ठरवून टाकले होते. मैत्रिणीला परवानगी मिळेना. शेवटी भाची आमच्याकडे आली. “मामा, तुम्ही चला. तुम्ही असलात की आई काही बोलणार नाही.” आमची घरची मंडळी हसली. पण आम्ही गेलो आणि त्यात गैर काही मानले नाही. आपल्या मुलीने स्वतःच्या पगारातून पुस्तक आणले की आपण दहा जणांना सांगतो, आणि एक दिवस आनंदावर खर्च केला की हिशेबाची वही उघडतो. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या उरलेसुरले वाट्याला आले, त्या घरातली मुलगी ताठ मानेने तिकीट दाखवून आत जाते, याचेही काही मोल आहे. ते किराण्याच्या यादीत बसत नाही, एवढेच.

चेंबूरहून हार्बरच्या गाडीने नेरूळ. गाडी भरलेली, पण ही गर्दी ऑफिसच्या गर्दीसारखी गप्प नव्हती. मुले गाणी म्हणत होती, चेहऱ्यांवर चकचकीत रंग लावून आली होती. स्टेडियम २००८ साली बांधलेले, सुमारे ५५,००० माणसे बसतील एवढे. छताला मधे खांब नसल्यामुळे कुठूनही मैदान सलग दिसते. वाचकांना हे स्टेडियम क्रिकेटमुळे माहीत असेल. २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी महिलांचा विश्वचषक जिंकला तो इथेच. आमची जागा वरच्या मजल्यावर, एका बाजूला निघाली. स्टेजवरचा माणूस तिथून काडेपेटीतल्या काडीएवढा दिसतो. दोन्ही बाजूंच्या मोठ्या गोल पडद्यांमुळे तो कोण आहे ते कळते.

दारावर प्रत्येकाच्या हातात एक पट्टा देतात. मनगटाला बांधायचा. त्यात छोटे दिवे असतात आणि ते सगळे स्टेजकडून एकाच वेळी चालवले जातात. एका गाण्याला सगळे स्टेडियम पिवळे झाले तेव्हा खरे सांगतो, आमच्याही तोंडून आवाज निघाला. हजारो माणसे, कोण कुठला, कोणाच्या बंगल्यातला की चाळीतला काही कळत नाही, आणि सगळ्यांच्या मनगटावर एकच रंग. जाताना पट्टा परत द्यायचा, तो पुढच्या कार्यक्रमाला वापरतात. या दौऱ्यात मैदानात काही सायकली ठेवतात. लोकांनी पायडल मारायचे आणि त्यातून बॅटरी चार्ज होते. आमच्या आजोबांनी आयुष्यभर पायडल मारले ते भाकरीसाठी, इथे हौस म्हणून मारतात. असो, वीज वाचते ही चांगली गोष्ट.

आधी जसलीन रॉयल या आपल्याकडच्या गायिकेचा आणि इतर पाहुण्या कलाकारांचा कार्यक्रम झाला. काळोख पडल्यावर मुख्य मंडळी आली. चौघे जण. ख्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, जॉनी बकलंड गिटारवर, गाय बेरीमन बेस गिटारवर आणि विल चॅम्पियन ड्रमवर. नव्वदच्या दशकात लंडनच्या कॉलेजात शिकताना हे एकत्र आले. मुंबईत ते आधी १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर येऊन गेले होते. आदल्याच दिवशी, १८ तारखेच्या कार्यक्रमात, मार्टिनने ब्रिटनने भारतावर केलेल्या वाईट गोष्टींचा उल्लेख करून, तरीही आम्हाला माफ करून बोलावलेत, अशा अर्थाचे आभार मानल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. दीडशे वर्षांचा हिशेब गाण्याच्या मधल्या एका वाक्यात मिटवता येतो का, हा प्रश्न आमच्या मनात आला. पण निदान तो विषय काढला, हेही कमी नव्हे.

पहिला ठोका पडला तेव्हा तो कानाला नव्हे, छातीला लागला. खुर्चीचे प्लॅस्टिक थरथरले. पत्र्याच्या छपरावर पावसाची पहिली मोठी सर यावी तसा आवाज चहूकडून अंगावर आला. आम्ही कानावर हात ठेवला तशी भाचीने पर्समधून एक छोटी डबी काढली. त्यात फोमच्या चार बुचक्या होत्या. “हे घाला मामा. मी पण घालते. गाणे ऐकू येते, काळजी करू नका.” खरेच ऐकू आले, आणि गंमत म्हणजे शब्द जास्त स्पष्ट कळले. आजूबाजूला काही आईबाप लहान मुलांना घेऊन आले होते. त्यांतल्या काहींच्या कानांवर टोपणासारखे मोठे हेडफोन होते, काहींच्या नव्हते.

गाण्यांबद्दल आमचे मत कोणी विचारणार नाही, तरी सांगतो. नाचायची गाणी आम्हाला सारखीच वाटली. पण नुसत्या पियानोवर म्हटलेली संथ गाणी चांगली होती, आणि त्या वेळी हजारो माणसे एका सुरात गात होती. एका गाण्यात मार्टिन मधेच थांबतो, सगळ्यांना मोबाईल खिशात ठेवायला सांगतो आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तेवढी काही मिनिटे लोक खरोखर एकमेकांकडे पाहून नाचतात. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात हे जमले तर बरे होईल.

आता हा आवाज एवढा मोठा का, ते पाहू. रॉक संगीताचे मूळ अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यांत आहे. दक्षिणेकडच्या कापसाच्या शेतांत गुलामी सोसलेल्यांच्या मुला-नातवंडांनी जे गाणे जपले, त्याला पुढे ब्लूज म्हणू लागले. मिसिसिपीच्या मळ्यात राबणारा मडी वॉटर्स १९४३ साली शिकागोला आला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत कामगारांची एवढी गलबल असे की साध्या लाकडी गिटारीचा आवाज कोणाला ऐकू जाईना. म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार घेतली. आवाज वाढवण्यामागे तेव्हा मस्ती नव्हती, आपले गाणे ऐकू जावे एवढीच गरज होती. त्याच्याच एका गाण्यावरून इंग्लंडच्या गोऱ्या मुलांनी १९६२ साली आपल्या बँडचे नाव रोलिंग स्टोन्स ठेवले. गाणे काळ्यांचे, गल्ला गोऱ्यांचा, असा तो इतिहास आहे. आपल्याकडच्या जलशांच्या शाहिरांनाही सुरुवातीला भोंगा मिळत नसे. डफ आणि गळा एवढ्यावर ते अख्खी वस्ती जागी ठेवत. फरक एवढाच की शाहिरांचे गाणे कोणी विकायला नेले नाही.

मग गर्दी वाढत गेली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स गायले तेव्हा ५५,००० हून अधिक माणसे होती आणि मुलींच्या किंकाळ्यांत गाणाऱ्यांना स्वतःचेच गाणे ऐकू येत नव्हते. बेसबॉलच्या घोषणा देण्यासाठी असलेले कर्णे तिथे काय पुरणार? त्यानंतर स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या. द हू नावाच्या बँडने ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्ल्टन मैदानावर स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल आवाज काढला आणि गिनीज बुकात नाव नोंदवले. पुढे गिनीजवाल्यांनी हा विक्रमच बंद केला, कारण लोकांचे कान खराब करण्याची चढाओढ लावणे योग्य नव्हे. आता स्पीकर एकाखाली एक, केळीच्या घडासारखे वाकवून उंच टांगतात, म्हणजे पुढच्यांच्या कानावर फार आदळत नाही आणि मागच्यांपर्यंत पोहोचतो. मैदानाच्या मध्यावर वेगळे खांब उभारून तिथेही स्पीकर लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. स्टेजपासून शंभर मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो, म्हणून मधल्या स्पीकरांना मुद्दाम तेवढा उशीर लावतात, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. हे गणित लावणारे तंत्रज्ञ मैदानात पेटीसमोर उभे असतात. टाळ्या त्यांच्यासाठी कोणी वाजवत नाही.

डेसिबलचा हिशेब व्याजासारखा आहे, नीट न कळला तर माणूस बुडतो. ९० आणि १०० मध्ये दहाचाच फरक दिसतो, पण आवाजाची ताकद दहापट होते. तीन डेसिबल वाढले की ताकद दुप्पट. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगितली आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटे. रॉकच्या कार्यक्रमात स्टेजजवळ शंभरच्या वर आवाज असणे ही नेहमीची गोष्ट. कार्यक्रम दोन तासांचा. बाकीचा हिशेब वाचकांनीच करावा.

आपल्या कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात प्रत्येक कानाला सुमारे पंधरा-सोळा हजार बारीक केसासारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या वाऱ्यात आडव्या पडलेल्या भातासारख्या झोपतात. म्हणून कार्यक्रमानंतर कान बंद झाल्यासारखे वाटते, शिट्टी वाजते. विश्रांती मिळाली तर बऱ्याचशा उभ्या राहतात. पुन्हा पुन्हा झोपवल्या तर मरतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणजे बोलणे ऐकू येते पण कळत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले. आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. जुन्या काळी विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला होता. पुढे बंधन ढिले झाले तरी वडिलांच्या पिढीतही आपली पुष्कळ माणसे रिंग खात्यातच होती. साच्यांच्या घरघरीत सगळी पाळी खुणांवर चाले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, घरघर मात्र कानात राहिली. बाजारात भाजीवाली “साठ” म्हणाली की वडिलांना “आठ” ऐकू यायचे. स, श, फ ही अक्षरे त्यांच्या कानातून कधीच गेली होती. मग भांडण व्हायचे आणि आम्हा मुलांना लाज वाटायची. भरपाई वगैरे शब्द कोणी उच्चारलाही नाही. मिसिसिपीत कापूस वेचणारे, इकडे कापसाचे सूत काढणारे. एकाने आवाज वाढवून घेतला, दुसऱ्याचे कान त्यात गेले.

आणि आता पुढची पिढी. आमच्या वस्तीतला एक मुलगा तीन वर्षे एका कंत्राटदाराकडे सुरक्षारक्षक आहे. नेरूळच्या कार्यक्रमाला तो नव्हता. त्याची कामे वेगवेगळ्या मैदानांवर आणि लग्नाच्या हॉलमध्ये. त्याची जागा बहुधा स्टेजसमोरच्या कठड्याजवळ, तोंड गर्दीकडे, पाठ स्पीकरकडे. प्रेक्षक दोन तासांत घरी जातो, हा दुपारच्या आवाज-तपासणीपासून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभा. कंत्राटदाराने जाकीट दिले, शिट्टी दिली, कानाला काही दिले नाही. पहिल्या वर्षी तो म्हणायचा, “काका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान वाजतात, मग थांबतात.” तिसऱ्या वर्षी थांबेनात. आम्ही त्याला तपासणीला नेले. कागदावर रेघ सरळ चालली होती ती चार हजारांच्या खुणेपाशी खड्ड्यात गेली. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितले, हा खड्डा आता भरणार नाही, पण मोठा होऊ न देणे हातात आहे. मुलाचे वय २४.

याच्या उलट स्टेजवरच्या माणसांची गोष्ट पाहा. ख्रिस मार्टिनच्या स्वतःच्या कानात शिट्टी वाजते. २०१२ साली बहिरेपणावर काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेच्या मोहिमेत त्याने हे जाहीर सांगितले. दहा वर्षांपासून हा त्रास आहे, कानांचे रक्षण करू लागल्यापासून तो वाढलेला नाही, असे त्याचे म्हणणे होते. द हू बँडचा पीट टाउनशेंड याचेही कान गेले आणि वादकांत जागृती करणाऱ्या संस्थेला त्याने १९८० च्या दशकातच मदत केली. आज मोठे गायक स्टेजवर कानात खास बसवून घेतलेली बुचकी घालतात. त्यातूनच त्यांना गाणेही ऐकू येते आणि बाहेरचा आवाजही अडतो. म्हणजे ज्याच्या नावाने हा आवाज चालतो त्याचे कान झाकलेले, आणि ज्याला त्या रात्रीची मजुरी मिळते त्याचे उघडे. आम्हाला रॉक संगीताविरुद्ध काही म्हणायचे नाही. या एका गोष्टीविरुद्ध म्हणायचे आहे.

कायदा काय म्हणतो? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. नेरूळचा कार्यक्रम दहाच्या आत आटोपला तो याच कारणाने. पण हे नियम शेजाऱ्यांच्या झोपेसाठी आहेत, आत उभ्या असलेल्याच्या कानासाठी नाहीत. त्याच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये एक मानक काढले: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज सतत मोजावा, बुचक्या उपलब्ध असाव्यात, कानाला विश्रांती घ्यायला शांत जागा असावी. ते पाळण्याची सक्ती मात्र नाही. याच दौऱ्यातल्या अहमदाबादच्या कार्यक्रमाआधी तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने १२० डेसिबलवरचा आवाज मुलांना घातक असल्याचे सांगून, कानाला संरक्षण असल्याशिवाय मुलांना आणू नये अशी नोटीस काढली होती. सरकारी कागद कधीकधी असेही चांगले काम करतो. रक्षकांसाठी, केबल ओढणाऱ्यांसाठी, झाडूवाल्या बायांसाठी तसा एखादा कागद निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता जे लिहितो त्याने काही तरुण मित्र रागावतील. स्टेडियममध्ये आम्ही स्पीकरपासून शंभर मीटरवर दोन तास बसलो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली मुले डीजेच्या भिंतीपासून चार हातांवर पाच-सहा तास नाचतात. बाप मुलाला खांद्यावर घेतो तेव्हा त्या लेकराचा कान नेमका स्पीकरच्या तोंडापाशी येतो. दुसऱ्यांच्या मिरवणुकांत यापेक्षा मोठे डीजे असतात, नियम आपल्यालाच का, असे मुले विचारतात. प्रश्न बरोबर आहे. नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे आणि तो तसा लागत नाही, हेही खरे. पण कान आपल्या पोरांचे आहेत. २०२५ च्या जयंतीच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. भिंत काढून एकच गाडी, तिच्यापुढे दहा पावलांची मोकळी जागा, लहान मुले गाडीच्या मागे, एवढे ठरायला अडीच तास लागले. निम्मी तरुण मंडळी रुसून शेजारच्या मंडळाच्या मिरवणुकीत नाचायला गेली. तो वाद अजून मिटलेला नाही.

राहिले बुचक्यांचे. फोमची जोडी औषधाच्या दुकानात किंवा कामगारांच्या हातमोजे-हेल्मेटच्या दुकानात मिळते, किंमत वडापाव-चहाच्या घरातली. कापसाचे बोळे चालत नाहीत, त्यांनी आवाज फारसा अडत नाही. बुचकी स्वच्छ बोटांनी वळून बारीक करायची, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढायचा, बुचकी आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायची. नुसती दारात अडकवली तर उपयोग नाही. लहान मुलांना फोमची बुचकी बसत नाही, त्यांना बाहेरून लावायचे हेडफोनच हवेत, आणि तान्ह्या मुलांना अशा ठिकाणी नेऊच नये. कामाला जाणाऱ्या मुलांनी कंत्राटदाराकडे मागावी. नाही दिली तर स्वतःची खिशात ठेवावी. तो सुरक्षारक्षक मुलगा आता दोरीवाली जोडी गळ्यात ठेवतो. सोबतच्यांनी आधी थट्टा केली, मग दोघांनी मागून घेतली.

कान वाजत असतील, टीव्हीचा आवाज घरात तुम्हीच वाढवत असाल, समोरच्याला “काय?” असे वरचेवर विचारावे लागत असेल, तर तपासणी करून घ्यावी. मुंबईत केईएम, नायर, शीव या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत ती होते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी १९८३ पासून आहे. तपासणीला दुखत नाही, सुई नाही. बंद खोलीत हेडफोन लावून बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच. मात्र आदल्या रात्री डीजेजवळ किंवा मशीनवर काम केलेले असेल तर त्या दिवशी जाऊ नये. कान थकलेले असले तर कागदावर आकडा खरा येत नाही. एक दिवस शांत राहून, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा.